शंभर पावलांतला धुरा

आमच्या गावात मोबाईलला रेंज एकाच जागी येते, आन् ती जागा म्हंजे आमचा धुरा. दोन शेतांच्या मधी उंच मातीची जी पट्टी सोडलेली असते, तिला आमच्याकडं धुरा म्हणतात. एका अंगाला माझ्या बापाचं, आबाचं, शेत. दुसऱ्या अंगाला मच्छिंद्रतात्याचं, म्हंजे माझ्या सख्ख्या चुलत्याचं. धुऱ्यावर एक जुनं हिवराचं झाड हाये. त्याच्याखाली पोतं टाकायचं, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आन् वेब पेज बनवायचं, हे माझं काम. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ द्या. मंठ्याला रोज बसमधी लोंबकळत जाणाऱ्या पोरींपेक्षा मी सुखात हाये. माझ्या डोक्यावर साहेब न्हाई, झाडावर घुमणारे होले हायेत.

काम देणारी जालन्याची कनिकादीदी. तिचे पणजोबा राजस्थानातून आल्ते, त्यांनी बियाण्याचं दुकान टाकलं, आता त्याच दुकानाच्या माडीवर तिनं चार कॉम्प्युटर मांडलेत. एक साल मी जालन्यात राहून तिच्याकडं शिकले. मंग आबा म्हणले, बास झालं, घरी ये. दीदी म्हणली, घरून कर, पण अकरा ते पाच तू मला ऑनलाइन दिसली पाहिजे. तीन महिने पाहते, काम बराबर निघालं तर पक्की. तिसरा महिना चालू होता. धुरा गेला की नेटवर्क गेलं, नेटवर्क गेलं की काम गेलं, आन् मंग माझ्या लग्नाचा विषय काढायला आमच्या घरात लोक टपूनच बसलेत. एवढं सगळं त्या एका मातीच्या पट्टीवर टेकलेलं होतं.

आता धुऱ्याबद्दल एक खरं सांगून टाकते. तिथं बसलं की मला झापड येते. भादव्याचं ऊन, कमरेएवढी कपाशी, दोन्ही अंगांनी पानांची सळसळ आन् वर होल्यांचं घुमणं. अर्धी जागी, अर्धी झोपेत, माझी बोटं चालत राहतात. कधी कधी मी काय टाइप केलं ते मलाच नंतर वाचावं लागतं. दीदी चिडवते, तू झोपेत काम करती आन् जागेपणी भांडती. भांडते मी, ते खरं हाये. मला राग जल्दी येतो आन् लवकर जात बी न्हाई.

त्या आठवड्यात सगळा राग एका डब्यावर होता. जांब समर्थच्या देवळाला लोक लांबलांबून येतात, त्यांच्यासाठी तिथल्या एका जेवणघराचं पेज बनवायचं होतं. साधं पेज. दोन चौकोनी डबे, एकमेकांच्या शेजारी. डाव्या डब्यात आजचं जेवण, उजव्या डब्यात वेळ आन् यायचा रस्ता. पेजची रुंदी शंभर टक्के, म्हणून मी दोघांना विड्थ दिली पन्नास-पन्नास टक्के. अक्षरं कडेला चिकटू नयेत म्हणून डब्याच्या आत चहूबाजूंनी मोकळी जागा सोडली, तिला पॅडिंग म्हणतात. भोवती गेरूच्या रंगाची जाड रेघ ओढली, ती बॉर्डर. डोक्यात पेज एकदम देखणं होतं. स्क्रीनवर पाह्यलं तर डावा डबा वर मस्त बसलेला, आन् उजवा त्याच्या खाली जाऊन पडलेला, रुसल्यासारखा.

पन्नास आन् पन्नास शंभर. हे मला पहिलीपासून येतं. मंग दुसऱ्याला जागा काहून पुरंना? मी पुसलं, परत लिहिलं. एकोणपन्नास-एकोणपन्नास करून पाह्यलं, तर लॅपटॉपवर डबा वर आला आन् मोबाईलवर परत खाली. तीन दिवस हेच करून राह्यले. एकदा तर लॅपटॉप मिटून त्याला अशा शिव्या घातल्या की होले उडून गेले. दीदीला फोन केला, तर ती थंडपणे म्हणली, एकोणपन्नासचं ठिगळ लावू नको, ब्राउझर रुंदी कुठून कुठपर्यंत मोजतो ते आधी समजून घे, रविवारपर्यंत वेळ हाये. मला वाटलं, एवढं माहीत हाये तर सांगून टाक ना बाई. पण ते मी मनात म्हणले.

गुरुवारी दुपारी तात्या धुऱ्यावर आले. आबा आन् तात्या चार सालांपासून एकमेकांशी बोलत न्हाईत. माझ्याशी मात्र तात्या बोलतात. त्यांच्या खांद्यावर बसून मी मंठ्याचा बाजार पाह्यला. मी धुऱ्यावर काम करत असले की ते आपल्या घागरीतलं गार पाणी तांब्यात आणून देतात, म्हणतात, माझं वाकडं तुझ्या बापाशी हाये, तुझ्याशी न्हाई. त्या दिवशी त्यांच्या हातात तांब्या नव्हता, चुन्याचा डबा होता. त्यांनी हिवराच्या बुडाला लागून, माझ्या पोत्याच्या कडेनं पांढरी रेघ ओढली. माझ्याकडं न पाहताच सांगितलं की रविवारी करवतवाला येणार, हिवर पाडणार, मंग मशीन आणून धुरा सपाट करणार आन् ह्या रेघेवर काटेरी तार टाकणार.

"माझी शंभर पावलं इथं भरतात," ते म्हणले. "मी कुणाचं घेत न्हाई, दैवशाला. माझंच घेतो."

ह्या शंभर पावलांची गोष्ट अशी. माझ्या आज्ज्यानं मरायच्या आधी शेताची वाटणी करून दिल्ती. त्यानं स्वतः चालून सांगितलं, शंभर पावलं रुंदी रखमाजीची, शंभर पावलं मच्छिंद्राची. रखमाजी म्हंजे आबा. मधी हिवर धरून चार पावलं रुंद धुरा घातला. आज्जा होता तवर कुणी मोजलं न्हाई. तो गेला आन् दोघांना मोजायची चटक लागली. आबा आपल्या हद्दीच्या दगडापासून चालत यायचे, तर त्यांचं शंभरावं पाऊल धुऱ्यात पडायचं. ते म्हणायचे, पाह्य, माझी शंभर भरायच्या आधीच धुरा लागला, मच्छिंद्रानं तो माझ्या अंगावर ढकलला. मंग उन्हाळ्यात वखर मारताना ते धुऱ्याचा काठ थोडा कोरून घ्यायचे, आपलं आपण घेतोय म्हणून.

तात्या तिकडच्या दगडापासून यायचे, त्यांचं बी शंभरावं पाऊल धुऱ्यातच. ते बी तेच म्हणायचे आन् तेच करायचे. दोघं मोजायचे वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांची पाठ फिरली की. चार पावलांचा धुरा आता जेमतेम एक पाऊल उरला होता. हिवराची मुळं दोन्हीकडून उघडी पडल्ती. मी त्या एका पावलाच्या जागेवर पोतं टाकून बसत होते, आन् मनात एकच यायचं की ह्या दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. तो माझा बाप असला तर? तात्या असले तर? मला दोन्ही सोसणार नव्हतं.

घरी आबाला तारेचं सांगितलं. त्यांनी भाकरी तशीच ठेवली आन् म्हणले, टाकू दे, मी बी कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. त्याच्या पुढचं मी ऐकलं न्हाई. उठून बाहेर गेले.

शुक्रवारी मी नेहमीसारखी धुऱ्यावर बसले. चुन्याची रेघ पोत्याखाली दाबली, दिसायलाच नको. ब्राउझरमधी एक सोय असते, कोणत्याही डब्यावर बोट ठेवलं की तो आतून कसा हाये ते रंगांत दाखवतो. मधला मजकूर निळा, भोवतीचं पॅडिंग हिरवं, बॉर्डर पिवळट, आन् त्याच्याही बाहेर दुसऱ्या डब्यापासून सोडलेलं अंतर असलं तर ते नारिंगी. मी त्या रंगांकडं पाहत बसले. ढग आल्ते पण पाऊस नव्हता, हवा जागची हलत नव्हती. डोळे कधी मिटले ते कळलं न्हाई.

स्वप्नात मी शेतातून चालत होते आन् कपाशी निळी होती. पानं निळी, माती निळी, माझे पाय निळे. निळं संपलं तिथं हिरवी पट्टी लागली, शेताच्या टोकाला बैल वळवायला आपण जागा सोडतो ती. बैल तिथं वळत होते, पण घुंगरांचा आवाज नव्हता. त्याच्या पलीकडं पिवळा धुरा, हळदीच्या रंगाचा, वर हिवर बी पिवळा. धुऱ्यापलीकडं पांदण, बैलगाडीची वाट, ती सगळी नारिंगी, तिच्यावरून कुणीतरी लांब चाललं होतं आन् मला हात करत होतं.

माझ्यापुढं आज्जा चालत होता. पाठमोरा. धोतराचा सोगा हातात, पावलं मोजत होता. निळं संपलं तिथं तो थांबला, म्हणला, झालं, भरलं, आन् खाली बसला. मी म्हणले, आज्जा, हिरवं राह्यलं की, पिवळं राह्यलं की. तो हसला. म्हणला, ते कोण मोजतं? ते आपलं असतंच.

तेवढ्यात तात्याचं शेत शेजारी यायला निघालं. ते हळूहळू सरकत आलं, त्याच्या विहिरीसकट, माणसासकट, आन् आमच्या पिवळ्या धुऱ्याला येऊन टेकलं. थोडीच जागा कमी पडत होती. दोन-चार पावलांची. शेत थोडा वेळ तिथं ताटकळलं आन् मंग खाली घसरलं. दोरीवरनं ओलं लुगडं घसरावं तसं, बिलकुल आवाज न करता. आमच्या शेताच्या खाली, लांब, जाऊन पडलं. तिथं कडेला तात्या उभे होते, एवढेसे दिसत होते, कपाळावर हात धरून वर पाहत होते.

"दैवा," ते खालून म्हणले, "बापानं तर सारखं दिल्तं. मंग मलाच जागा काहून पुरंना गं?"

मला इतकं वाईट वाटलं की मी जागी झाले तव्हा गाल ओले होते. मांडीवर लॅपटॉप तसाच. निळं, हिरवं, पिवळं. उजवा डबा तसाच खाली पडलेला.

मी त्या रंगांकडं पाह्यलं आन् मला सरळ दिसलं. पन्नास टक्के मी कुणाला दिल्ते? निळ्याला. फक्त निळ्याला. ब्राउझरनं निम्मी रुंदी मधल्या मजकुराला दिली, आन् मंग हिरवं आन् पिवळं त्याच्या बाहेरून चढवलं. दुसऱ्या डब्याचं बी तसंच. दोन निम्मे मिळून पान भरलंच होतं, वरून दोघांचं पॅडिंग आन् दोघांची बॉर्डर. बसणार कसं? ब्राउझरची काही चूक नव्हती. तो आमच्या गावासारखंच मोजत होता. आमच्यात कुणाला विचारा, शेत केवढं, तर तो पेरलेलं सांगतो. धुरा कुणी मोजत न्हाई. मी बी मोजला न्हाई, शेतकऱ्याची पोरगी ना मी.

दीदीला फोन लावून हे सगळं एका दमात सांगितलं. ती हसली आन् म्हणली, आता एक ओळ लिही, बॉक्स-सायझिंग, बॉर्डर-बॉक्स. म्हंजे काय, तर रुंदी बॉर्डरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत धरायची. पॅडिंग आन् बॉर्डर त्याच्या आतच बसवायची. डबा वाढत न्हाई, आतला मजकूर थोडा आकसून घेतो. मी चिडले, म्हणले, एका ओळीसाठी मला तीन दिवस काहून घोळवलं? ती म्हणली, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तू ती ओळ टाइप केली असती आन् झोपली असती.

मी ओळ लिहिली. उजवा डबा वर आला. हळूच, काहीच झालं न्हाई असा, डाव्याच्या शेजारी येऊन बसला. दोघांच्या रेघा एकमेकींना लागून, आतली अक्षरं थोडी आत सरकलेली, पण मोकळी. मोबाईलवर पाह्यलं, तिथं बी बराबर. दीदीनं पेज उघडून पाह्यलं आन् म्हणली, दैवशाला, तू पक्की. मी हिवराखाली उभी राहून एकटीच हसत होते.

मंग हसता हसता माझी नजर खाली गेली. पोतं सरकल्तं आन् चुन्याची रेघ उघडी पडल्ती. माझी शंभर पावलं इथं भरतात. आबाची बी इथंच भरत्यात. दोघांची एकाच जागी भरत असली तर कुणी कुणाचं ढकललं कसं? आज्ज्यानं शंभर म्हणलं ते निळ्याला म्हणलं, की पिवळ्यासकट म्हणलं? मला खात्री नव्हती. डब्याचं गणित आन् मातीचं गणित एकच असंल असं कुणी सांगितलंय? पण करवतवाला रविवारी येणार होता आन् मधी एकच दिवस होता.

आबाला सांगितलं तर ते म्हणले, तुझ्या डब्यात माझं शेत घालू नको. तात्याकडं गेले, ते म्हणले, पोरी, तू बापाचीच बाजू घेणार. मी दोघांनाही एकच म्हणले, मला काही समजावून सांगायचं न्हाई, तुम्ही फक्त एकदा मोजा. पण एकाच वेळी मोजा. तुम्ही तुमच्या दगडापासून, ते त्यांच्या दगडापासून, मी मधी उभी राहते. गंमत म्हंजे दोघं लगेच तयार झाले. आबा म्हणले, होऊन जाऊ दे, त्यानं किती खाल्लं ते दिसंल. तात्या बी हेच म्हणले, ह्याच शब्दांत. आपलंच खरं निघणार ह्याच्याबद्दल दोघांना काडीची शंका नव्हती. मला मात्र होती. दोघांपैकी एकाचं शंभरावं पाऊल धुऱ्याच्या अलीकडंच भरलं तर तो चोर, आन् ते मीच सगळ्यांपुढं आणलेलं असणार.

शनिवारी सकाळी शेताच्या वरच्या टोकाला, बैल वळतात तिथं, पीक नसतं म्हणून तिथून मोजायचं ठरलं. धुकं होतं, पातळ, गुडघ्याएवढं. आबा पूर्वेच्या दगडाजवळ, तात्या पश्चिमेच्या. मी धुऱ्याच्या टोकाला उभी होते. दोघं एवढे लांब की नुसते ठिपके. मी हात वर केला आन् ते चालायला लागले.

आधी आवाज ऐकू आला न्हाई, नुसती माणसं मोठी होत गेली. मंग आकडे ऐकू यायला लागले. एका कानात आबा, एका कानात तात्या. बेचाळीस, बेचाळीस. त्रेचाळीस, त्रेचाळीस. दोघांचं पाऊल सारखं पडत होतं, कारण दोघं लहानपणी आज्ज्याच्या तिफणीमागं चालून शेत चालायला शिकलेले. दोघांची मान खाली. पाय धुक्यात बुडालेले, त्यामुळं माणसं चालत न्हाईत, तरंगत येत्यात असं वाटत होतं. मला परत झापड आल्यासारखं झालं. हे स्वप्नात चाललंय की जागेपणी, ते मी माझ्या हाताला चिमटा घेऊन पाह्यलं. एकोणसत्तर. सत्तर. मी देवाचं नाव घेत होते, दोघांसाठी वेगवेगळं घ्यावं का एकत्र, ते मला कळत नव्हतं.

नव्वदला मी बाजूला सरकले. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. शंभर म्हणताना दोघांचे आवाज एक झाले, आन् दोघं धुऱ्यावर छातीला छाती लावून थांबले. अंगठ्याला अंगठा. एक बोट इकडं न्हाई, एक बोट तिकडं न्हाई. चार सालांनी दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ उभे होते की एकाचा श्वास दुसऱ्याच्या मिशीला लागत असंल.

तात्यांनी मान वळवून माघं पाह्यलं, मंग आबाच्या माघं पाह्यलं. दोन्हीकडं खाली शेतात हिवराला लागूनच कपाशी.

"मंग धुरा कुठंय, दादा?" तात्यांनी विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तीन दिवस मी तेच शिकत होते. पण आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले. आबा खाली पाहत होते. त्यांचा चेहरा असा झाला की जुनं काहीतरी आठवतंय आन् आठवायला नको वाटतंय.

"बापानं शंभरातच धरल्ता," आबा हळूच म्हणले. "अठ्ठ्याण्णव चालून धुऱ्याच्या कडेला आला, मंग धुऱ्यावर चढून दोन पावलं टाकली आन् शंभर म्हणला. मी बाजूलाच होतो, पाहत होतो. दोन पावलं माझ्यातली, दोन तुझ्यातली." मंग त्यांनी धुऱ्याच्या कोरलेल्या काठाला पाय लावला. "मी दर साली कोरला, मच्छिंद्रा. मला वाटायचं तू ढकलतोस."

"मला बी तेच वाटायचं," तात्या म्हणले. त्यांनी डोळे पुसले, लपवले बिलकुल न्हाईत. "मी बी कोरला."

कुणीच चोर नव्हतं. मला रडू आलं आन् त्याच्याबरोबर राग बी आला. चार सालं. चार दिवाळ्या. एक दिवस एका वेळी चालले असते तर संपलं असतं. हे मी बोलून दाखवलं, चांगलं मोठ्यानं बोलून दाखवलं, आन् दोघं म्हातारे लेकरांसारखे ऐकून घेत उभे राह्यले.

मंग आबा वळले आन् दोन पावलं माघं गेले. तात्या बी दोन पावलं माघं गेले. दोघांच्या मधी मोकळी जागा पडली. पण ती फक्त तिथं, बैल वळतात त्या पट्टीत. तिथून खाली शेताच्या बुडापर्यंत पाह्यलं, तर त्या जागेत दोन्हीकडं एकेक ओळ कपाशी उभी होती. फुलात आलेली, बोंडं धरलेली. धुरा परत घालायचा तर माती पाहिजे, आन् माती त्या ओळींखाली होती. आबा त्या ओळीकडं पाहत राह्यले. माझ्या बापानं आजवर पिकाचं झाड वाकडं झालं तरी त्याला माती लावून सरळ केलंय. तात्यांनी हिवराखाली जाऊन करवतवाल्याला फोन लावला, येऊ नको म्हणून सांगितलं, आन् ते बी येऊन आपल्या ओळीपाशी नुसते उभे राह्यले.

पुढच्या साली पेरतानाच दोन पावलं सोडू, असं मी सुचवलं. आबा न्हाई म्हणले. पुढच्या सालापर्यंत पावसानं हिवर पडंल, आन् तवर माझं मन बी परत फिरंल, असं ते म्हणले. एवढं खरं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते वाकले आन् पहिल्या झाडाच्या बुडाला त्यांनी हात घातला.

तेवढ्यात माय आली. माझी माय, गोजरबाई, भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन रोजच्यासारखी आल्ती. तिनं दीर पाह्यला, नवरा पाह्यला, मला रडताना पाह्यलं, आन् आबाचा हात झाडाच्या बुडाला पाह्यला. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिनं ऐकलं. फडकं खाली ठेवलं आन् आबाचा हात धरून बाजूला केला.

"ह्या ओळीचं बियाणं म्या एकेक करून मातीत टोबलंय," ती म्हणली. "तुमच्या हातानं न्हाई. सरका."

तिनं पहिलं झाड मुळासकट उपटलं, मुळांची माती हाये तिथंच झटकली, आन् झाड आणून धुऱ्यावर आडवं ठेवलं. त्याला तीन फुलं होती. तिकडून तात्यांनी त्यांचं पहिलं झाड आणलं आन् तिच्या झाडाच्या शेजारी ठेवलं.